किनाऱ्यावरची मापं

प्रिय कात्री,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असणार. तरीही पाकीट फोडलंस, त्याबद्दल आधी आभार. आत एक कागदाची पुडी आहे, ती पत्र वाचून होईपर्यंत उघडू नकोस. अक्षर एवढं मोठं आणि वाकडंतिकडं आलंय ते मी बोटीत बसून लिहितेय म्हणून. बोट हलते, हात हलतो. दुसरं काही मनात आणू नकोस. हो, बोटीत! रस्त्यातलं डबकं ओलांडायला जिला तुझा हात लागायचा, ती तुझी टाचणी गेले पाच महिने पाण्यावर राहतेय, पाण्यावर झोपतेय आणि पाण्यावरच बटाटे उकडतेय. आणि ऐक, येत्या गुरुवारी दुपारी ही बोट तुझ्या गावच्या धक्क्याला लागणार आहे. मला तुझ्या दारात यायचंय. अकरा वर्षं झाली. तू दार उघडशील की तोंडावर लावशील, एवढं एकच मला ठाऊक नाही. बाकी सांगायचं इतकं साठलंय की पोटात मावत नाही, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

लोक निवृत्त झाले की बागेत गुलाब लावतात. ह्यांनी लेथवरचं शेवटचं काम उरकलं, हात धुतले आणि तिसऱ्या दिवशी एक मोडकी लाकडी बोट ट्रकवर घालून घरी आणली. मी डोक्याला हात लावला. मग चार वर्षं फळ्या बदल, खिळे ठोक, रंग लाव. शेजारचे येता-जाता विचारायचे, ही तरंगणार का हो? मी तिला माझी सवत म्हणायचे. आणि एके दिवशी सवत खरंच तरंगली, तेव्हा ह्यांच्या आधी मीच टाळ्या पिटल्या. बेत असा ठरला की नदीने खाली खाली जायचं, काठावर जेवढी ओळखीची माणसं राहतात तेवढ्यांकडे उतरायचं, आणि समुद्र दिसला की परत फिरायचं. हातमशीन घ्यायचं नाही, वजन होतं, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मशीन उतरलं तर मीही उतरते. मशीन आलं.

आपल्या दुकानातला पडद्यामागचा ट्रायलचा कोपरा आठवतो? तेवढ्या जागेत आम्ही झोपतो, रांधतो आणि भांडतो. भांडताना पाय आपटायलाही जागा नाही, त्यामुळे भांडणं लवकर मिटतात. पहिल्याच आठवड्यात ‘मला पाणी कळतं’ म्हणत ह्यांनी बोट नेऊन गाळात रुतवली. सहा तास आम्ही तिरपे बसून होतो. मी तिरप्या कपांत चहा ओतला आणि एक शब्द बोलले नाही. ह्यांना त्या न बोलण्याचीच जास्त धास्ती वाटली, असं नंतर म्हणाले.

पण खरी गंमत पाण्यात नाही गं, काठावर उतरण्यात आहे. तीन-चार आठवडे पाण्यावर काढून जमिनीवर पाय ठेवला की जमीनच डोलायला लागते. पहिलं घर आपल्या ओळखीच्या बेकरीवालीचं, तिच्याकडे शिरताना मी आधी चौकट पकडली, मग खुर्ची, मग तिच्या नवऱ्याचा खांदा. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारी दिवसाढवळ्या घेऊन आलीय. आणि प्रत्येक घरात पहिलं वाक्य एकच, आधी आंघोळ करून घे. बोटीत एक बादली आणि एक तांब्या, त्यामुळे आमचा सुगंध किती लांबून येत असेल ते न विचारलेलंच बरं. गरम पाण्याचा नळ सोडला की मी आत गाणी म्हणते. बाहेर लोक हसतात, हसू देत.

कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? भेटवस्तू ठेवायला बोटीत जागा नाही, म्हणून मी मशीनच काखोटीला मारून नेते. आंघोळ झाली की खिडकीपाशी मांडून बसते आणि घरातलं फाटकं-तुटकं पुढ्यात घेते. पडदे झाले, बेकरीवाल्याचे किल्ल्यांनी फाटलेले खिसे झाले, एकीने तर नवऱ्याच्या विजारींचा ढीगच आणून ओतला, वीस वर्षं जणू माझीच वाट बघत होती. आता एक घर पुढच्या घराला फोन करून सांगतं, टाचणी येतेय, उसवलेलं काढून ठेवा. ह्यांची शिस्त मात्र कडक, कुठेही दोन रात्रींच्या वर मुक्काम नाही. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, हे ते मला दोर सोडताना दर वेळी ऐकवतात. बेकरीवालीने रडून थांबवायला बघितलं, तरी तिसऱ्या सकाळी दोर सुटलाच.

भूगोलाच्या बाई आठवतात ना तुला? राखाडी स्कर्ट, उजवीकडे खडूसाठी वेगळा खिसा, तो तूच सुचवलेला. नदीकाठीच राहतात, मागच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरल्या की पाणी. जन्मभर पोरांना नद्या शिकवल्या आणि स्वतः कधी बोटीत बसल्या नव्हत्या! आम्ही त्यांना अर्धा तास फिरवून आणलं. बूट हातात धरून ताठ बसल्या होत्या आणि ह्यांना डावीकडून कोणता ओढा येऊन मिळतो ते सांगत होत्या. ह्यांनी तोवर त्याचं नाव दहा जणांना चुकीचं सांगितलं होतं. उतरल्यावर बाई म्हणाल्या की पुस्तकात एवढा वारा नसतो, आणि डोळे पुसायला लागल्या. मग चहा घेताना, बशी पुसता पुसता, सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या, तुमच्या कात्रीचं पत्र येतं हं मला, वर्षातून दोनदा.

मी कप खाली ठेवला. त्याच सांगत गेल्या. तू भाचीकडे असतेस, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता बारीक अक्षर दिसत नाही, मोठं दिसतं. कापणं मात्र सोडलेलं नाहीस, गल्लीतल्या पोरींचे फ्रॉक कापून देतेस. मी पत्ता मागितला नाही. त्यांनी न मागता लिहून माझ्या शिवणाच्या डब्यात टाकला. पुढचे दोन महिने मी त्या डब्यातून सुई काढायचे ती पत्त्याकडे न बघता. तुझ्यापाशी काय लपवू, तेव्हा माझा तुझ्याकडे उतरायचा विचारच नव्हता. तुझं गाव आलं की इंजिन जोरात सोडा, असं मी ह्यांना बजावून ठेवलं होतं. चूक तुझी होती, मग मी का वाकू, असंच माझ्या डोक्यात होतं.

पण तुझ्या नावाने डबा उघडला तो उघडलाच. मशीन चालवताना मला ती आपली एका खिडकीची खोली दिसायला लागली. बावीस वर्षं! मी मापं घ्यायची, टाचायची, शिवायची, आणि कापायचीस तू. नावं लोकांनीच पाडली, आपली खरी नावं पोस्टमनलासुद्धा आठवेनाशी झाली होती. आपली पिवळी टेप मी बोटीतही आणलीय. तिची पत्र्याची टोपी निघाली, टोक विरायला लागलं, तेव्हा तू पहिला इंच सरळ छाटून टाकलास. नवी घ्यायला काय धाड भरली होती आपल्याला? पण तीच हाताला बसलेली. मग कायदा ठरला. टेप जो आकडा दाखवेल तो मी जसाच्या तसा चिठ्ठीवर लिहायचा, आणि कापताना तू त्यातून एक वजा करायचा. मी एकोणीस लिहिलं की तू अठरा कापायचीस. कोट शिवून झाला की तू ती चिठ्ठी आतल्या खिशात सारून वर दोन टाके घालायचीस, कधी सैल-घट्ट करायला आला तर माप हाताशी हवं म्हणून. मी तुला हसायचे, म्हणायचे की त्या चिठ्ठ्या उंदरांनासुद्धा पुरणार नाहीत.

आणि मग बँडचे ते चोवीस कोट. त्याबद्दल तू कुणापाशी बोलली नसशील, मी मात्र अकरा वर्षं ज्याला त्याला सांगत आले. कोट कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी गेले, ट्रायलला वेळच नव्हता. एकूण एक कोट आवळ. भर मंचावर ढोलवाल्याने हात वर केले आणि त्याची पाठ वरपासून खालपर्यंत उसवली, अख्खं सभागृह हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बँडमास्तर दुकानात येऊन ओरडत उभे, चार गिऱ्हाइकं ऐकतायत, आणि मी म्हणाले, “तिला आता दिसत नाही. चष्म्याची लाज वाटते, म्हणून अंदाजाने कापते.” तुझ्या डोळ्यांबद्दल तू जगात फक्त एकीला सांगितलं होतंस, मला. तू टेबलावरची कात्री उचललीस, रुमालात गुंडाळलीस आणि निघून गेलीस. मला वाटलं, बोलायला तोंड नाही म्हणून गेली.

आता गेल्या रविवारचं सांगते. वाटेत नदीवर एक उचलता पूल आहे, बोट आली की मधला भाग वर उचलतात. तो उचलायला कोण असावं? आपला बँडमधला ट्रंपेटवाला! पूल सांभाळायची नोकरी करतो. त्याने रस्ता अडवला, पूल वर घेतला आणि केबिनच्या खिडकीतून अंग बाहेर काढून ट्रंपेट वाजवायला लागला. दोन्हीकडे ट्रक खोळंबलेले, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, हा वाजवतोय, हे बोटीचा भोंगा वाजवतायत, आणि मी डेकवर उभी राहून दोन्ही हात हलवतेय. राणीची काय एवढी मिजास असेल! त्याच्या घरी गेलो, आंघोळ झाली, मशीन मांडलं, आणि त्याने कपाटातून तो कोट काढला. दोन महिन्यांनी बँडचे जुने लोक पुन्हा एकत्र वाजवणार आहेत, जुन्याच कोटांत. म्हणाला, तेव्हाही आवळच होता, आता तर पोटही सुटलंय, जरा ढिला करून दे.

मी त्याला उभा केला, पिवळी टेप काढली आणि खांदा मोजला. एकोणीस. म्हणजे अठरा. मग कोट उलटा केला, तर आतल्या खिशावर तुझे दोन टाके तसेच. मला हसूच आलं. टाके तोडले, चिठ्ठी काढली. माझंच अक्षर. खांदा, अठरा. मी पुन्हा मोजला. पोट वाढतं, कात्री, खांद्याची हाडं या वयात वाढत नाहीत. टेपवर पुन्हा एकोणीसच. चिठ्ठीवर एकोणीस असायला हवं होतं. कोट मोजला, त्याचा खांदा खरा सतरा भरला. तू कायद्याप्रमाणे एक वजा केला होतास. पण तुझ्या आधी तो मीच केला होता.

ती चिठ्ठी हातात धरून बसले आणि मला सगळं आठवलं. बँडच्या हॉलमध्ये मी मापं घेत होते आणि बँडमास्तर शेजारी वही घेऊन उभे होते, टोप्यांच्या मापांबरोबर कोटांचीही मापं त्यांना वहीत उतरवून हवी होती. एवढ्या मोठ्या माणसासमोर टोक छाटलेली टेप! मला लाज वाटली. मी टोक मुठीत लपवलं, मनातल्या मनात एक वजा करून आकडे खणखणीत सांगत गेले आणि तेच चिठ्ठीवर लिहीत गेले. चोवीसच्या चोवीस. संध्याकाळी दुकानात येऊन तुला हे सांगायचं, एवढं एकच काम होतं, ते मी विसरले. लाज वाटली मला, टेपची, आणि चारचौघांत नाव घेतलं तुझ्या चष्म्याचं.

तुला विचित्र वाटेल, पण पहिल्यांदा मला आनंद झाला. खरंच सांगते, उभी राहून ओरडले मी, तिने बरोबर कापलं होतं! ट्रंपेटवाला अजून हात पसरून उभाच, त्याला वाटलं मला काहीतरी झालं. माझी कात्री चुकली नव्हती! लाज मागून आली, ती अजून उतरलेली नाही आणि उतरू नये. मी त्याला म्हटलं, जवळपास राहणाऱ्या सगळ्यांना बोलाव. सोमवारी संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात नऊ जण जमले. बँडमास्तरही काठी टेकत आले. मी चिठ्ठी आणि टेप टेबलावर ठेवली आणि उभ्याने सगळं सांगितलं, तुझ्या डोळ्यांवर मी खोटा आळ घेतला हेसुद्धा. मास्तर म्हणाले, हे अकरा वर्षांपूर्वी सांगायचं होतंत. मी म्हटलं, तेव्हा एवढी अक्कल कुठे होती. ढोलवाल्याने मान खाली घातली. आंधळ्या शिंपिणीचा तो किस्सा तो गावोगाव सांगत हिंडलाय म्हणे. आता बदलून सांगेन म्हणाला. मी म्हटलं, माझ्या नावासकट सांग.

म्हणून हे पत्र. मी चुकले, कात्री. तू एक सूतभरही चुकली नव्हतीस, आणि हे मी तुझ्या कानात सांगायच्या आधी चारचौघांत सांगून आलेय, कारण तुझं नाव घेतलं होतं तेही चारचौघांतच. आज शुक्रवार. पत्र आजच पेटीत टाकते, सोमवारपर्यंत तुला मिळेल, आणि मध्ये तीन दिवस तुला रागवायला राहतील. बोटीत चोवीसांपैकी चौदा कोट आहेत, त्या लोकांनी आपले आणि जमले तेवढे इतरांचे आणून दिले, ह्यांना सध्या त्यांच्यावरच झोपावं लागतंय. मी सगळे उसवून ठेवलेत, जुळतं कापडही आणलंय, पण कापायला मी हात लावलेला नाही. ते काम तुझं. तू नाही म्हणालीस तर तसेच परत नेईन, कुरकुर करणार नाही. गुरुवारी तू मला आंघोळीचं विचारू नकोस, दारातच उभी कर आणि काय बोलायचं ते बोलून घे. अकरा वर्षांचं आहे, वेळ लागेल. मी ह्यांना विचारलं, दोन रात्रींत आटपेल का? त्यांनी दोर गुंडाळता गुंडाळता सांगितलं, “तिथे तू सोड म्हणेपर्यंत मी दोर सोडत नाही.” आता पुडी उघड. आपली पिवळी टेप आहे. टोकावरून बोट फिरव, तुझ्याच हातचा काप आहे, अजून सरळ आहे. ती तुझ्यापाशीच राहू दे. मी गुरुवारी नवी घेऊन येतेय, पहिल्या इंचासकट.

तुझीच,
टाचणी